साथीतली मानसिक आधाराची हेल्पलाइन: फोन उचलल्यानंतर पुढे काय?

रानजाई

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. २०२०च्या लॉकडाऊनपासून दुसरी लाट ओसरेपर्यंत मी एका हेल्पलाइनवर फोन घेत होते. संस्थेचं नाव देत नाही, आणि कुणाची ओळख पटेल असं काही लिहिणारही नाही. फोन करणाऱ्यांना तसा शब्द दिलेला आहे. पण त्या कामातून जे उमगलं ते पुढच्या साथीत कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं फार वाटतं. इथे दवाखान्यात काम करणारे आहेत, गावाकडे राहणारे आहेत, परदेशात आहेत. तुमचेही अनुभव लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. त्याच सुमारास बंगळुरूच्या निम्हान्सची (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) मानसिक आधाराची लाइन सुरू झाली. एप्रिलमध्ये मुंबई महापालिका आणि एमपॉवर ही मानसिक आरोग्याची संस्था यांची मोफत लाइन आली. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' तर २०१२ पासूनच चालू होती. ७ सप्टेंबर २०२० ला केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने 'किरण' ही १३ भाषांतली लाइन काढली. शिवाय ठिकठिकाणच्या संस्था, कॉलेजं, डॉक्टरांचे गट होतेच. नंबरांचा तुटवडा नव्हता. व्हॉट्सॲपवर लांबलचक याद्या फिरत होत्या, आणि त्यातले बरेच नंबर लागायचेच नाहीत. रात्री दोन वाजता धीर गोळा करून नंबर फिरवणाऱ्या माणसाला 'हा क्रमांक सेवेत नाही' असं ऐकू आलं, तर तो दुसरा नंबर फिरवेलच याची काय खात्री?

माझं ठाम मत असं झालंय की नंबर जाहीर करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ऐकून घेणाऱ्या माणसाच्या हाताशी पुढे कुठेतरी जोडून द्यायची सोय हवी. रेशन, वॉर्ड ऑफिस, डॉक्टर, महिला आयोग, पोलीस, जे लागेल ते. ती नसेल तर साथीच्या काळात लाइन अर्धीच राहते.

पहिल्या लॉकडाऊनमधला नेहमीचा फोन म्हणजे "मॅडम, झोप येत नाही." थोडं बोलणं झालं की कळायचं, खोलीचं भाडं थकलंय, मालक रोज दारात उभा राहतो, बायको-पोरं गावी, गाड्या बंद. अशा माणसाला श्वासाचा व्यायाम सांगून फोन ठेवायचा? व्यायाम सांगायचोच, त्याने त्या घटकेपुरता जीव शांत होतो. पण आमच्या समन्वयक रोज सकाळी एक शीट ताजी करून पाठवायच्या: कुठल्या वॉर्डात शिजवलेलं जेवण मिळतं, बीपीच्या गोळ्या घरपोच कोण देतं. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्यावर त्यात आणखी भर पडली, पोलीस ठाण्यात अर्ज कसा द्यायचा आणि डॉक्टरचा दाखला कुठे मिळतो याची. त्या शीटने जितक्या लोकांना झोप लागली असेल तितकी माझ्या बोलण्याने लागली नसेल.

मांजराकाठ

रानजाईताई, चांगला विषय काढलात. मी लातूर जिल्ह्यातला. आमच्या वहिनी आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आहेत, त्यांचं बघून लिहितो.

आमच्याकडं फोन करून अनोळखी माणसाजवळ मन मोकळं करायची सवयच नाही. त्यात घरात एकच स्मार्टफोन, तो पोरांच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. बाईमाणसाला तर घरात बोलायला कोपरा मिळत नाही, सगळी दिवसभर घरातच. २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आमच्या भागात आहे. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत आशांनी घरोघर जाऊन कोण ताणात आहे ते बघायचं, गरज वाटली तर पुढं पाठवायचं, अशी ती योजना. कोरोनात याच आशा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. मग लोक त्यांनाच सांगायचे, उंबऱ्यावर उभं राहून.

वहिनींनी एक युक्ती काढली होती. "हा नंबर घ्या अन् लावा" म्हटलं की कुणी लावत नसे. म्हणून त्या स्वतःच्या फोनवरून लावायच्या, समोरच्याला "मी अमुक गावची आशा, आमचे एक काका बोलतायत" एवढं सांगायच्या, फोन त्या माणसाच्या हातात द्यायच्या अन् स्वतः गोठ्यापलीकडं जाऊन बसायच्या. बोलणं संपलं की फोन घ्यायच्या, काय बोलणं झालं ते विचारायच्या नाहीत. रिचार्ज मात्र स्वतःच्या पैशानं. आशांना तेव्हा काय मानधन मिळत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेगळा धागा होईल.

रानजाई

भाऊ, वहिनींना माझा नमस्कार सांगा. गोठ्यापलीकडे जाऊन बसणं हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवावं असं आहे.

वडाखाली

मला जरा वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. मी असंघटित कामगारांत काम करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहा. २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२१ मध्ये १,६४,०३३. दोन्ही वर्षी सर्वाधिक महाराष्ट्रात, २०२१ मध्ये २२,२०७. आणि २०२१च्या एकूण आकड्यात रोजंदारीवरचे ४२,००४, म्हणजे चारातला एक. या माणसाला समुपदेशन कशाला हवं? त्याला मजुरी हवी, उधारीवाल्यापासून सुटका हवी. हेल्पलाइन काढली की सरकारला 'आम्ही काहीतरी केलं' म्हणता येतं. पोटाचा प्रश्न मनाचा ठरवून मोकळं होण्याचा हा प्रकार मला मान्य नाही.

रानजाई

राग कशाचा? तुमचं निम्मं म्हणणं माझंच आहे. हेल्पलाइन मजुरीच्या जागी उभी केली तर ती फसवणूकच. पण दुसरं निम्मंही ऐका. जीव द्यावासा वाटणं हे बहुतेकांच्या बाबतीत सतत सारखं राहत नाही. लाट चढते, शिगेला जाते, ओसरते. ती ओसरेपर्यंत कुणीतरी सोबत असलं तर माणूस वाचतो आणि उद्या मजुरीसाठी भांडायला जिवंत राहतो. कर्ज त्या रात्री फिटणार नसतं. ती रात्र मात्र पार पडू शकते. फोनचं काम त्या रात्रीपुरतं आहे, आणि सकाळी त्याला तुमच्यासारख्या कुणाकडे तरी पोचवण्याचं आहे. तुमच्या संघटनेचा नंबर आमच्या शीटमध्ये असता तर किती बरं झालं असतं.

वडाखाली

हे पटलं. 'सकाळी कुणाकडे' हा भाग कुणी बोलत नाही, म्हणून चिडचिड होते.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. एका गोष्टीचा उल्लेख राहून जातो, ती म्हणजे दारू. लॉकडाऊन लागला तशी दुकानं रात्रीतून बंद झाली, ती उघडली मेच्या सुरुवातीला. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येऊ शकते. याने माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला, ते मानसिक आधाराच्या लाइनला फोन करतात. तिथे बसलेल्या मुलीला हे ओळखता आलं नाही आणि ती "त्यांच्याशी शांतपणे बोला" म्हणाली, तर घात होतो. त्याला दवाखान्यात न्यावंच लागतं. केरळात तर परिस्थिती इतकी बिघडली की डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा सरकारी आदेश निघाला आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच उच्च न्यायालयाने तो थांबवला. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथली माणसं हे सगळं कोळून प्यायलेली आहेत. अशा जाणत्या लोकांनी फोन घेणाऱ्यांना एका दुपारीही शिकवलं तरी जीव वाचतील.

आणखी एक. फोन घ्यायला मानसोपचारतज्ज्ञच पाहिजेत असा हट्ट नको. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने नीट चाचण्या घेऊन दाखवलंय की व्यवस्थित प्रशिक्षण आणि देखरेख असली तर साधी, शिकलेली माणसंही नैराश्यावर उपयोगी पडेल असं समुपदेशन करू शकतात. प्रशिक्षण आणि देखरेख, हे दोन्ही शब्द मात्र तितकेच महत्त्वाचे.

नाइटड्यूटी

मी मुंबईत नर्स आहे. पीपीई घातलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. आयसीयूमधल्या पेशंटच्या घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभं राहायचं काम आम्ही केलं. एका आजोबांची नात पलीकडून शुभंकरोती म्हणत होती आणि मी हात स्थिर ठेवायचा प्रयत्न करत होते. घरी गेल्यावर हे सांगायचं कुणाला? घरच्यांना आधीच भीती की मी आजार घेऊन येते.

आम्हाला नंबर दिले होते. पण बहुतेकींनी फोन केला नाही. एक तर वेळ जुळत नव्हती, सकाळी नऊ ते पाच लाइन चालू आणि तेव्हा आम्ही झोपलेल्या. दुसरं म्हणजे मनात धाकधूक, हे मेट्रनपर्यंत गेलं तर? 'हिला झेपत नाही' असा शिक्का बसला तर? शेवटी उपयोगी पडला तो आमचा आमचाच ग्रुप. एक सीनिअर सिस्टर ड्यूटी बदलताना प्रत्येकीला चेंजिंग रूममध्ये विचारायच्या, "आज काय जड गेलं?" एवढंच. पण रोज विचारायच्या.

पुढच्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लाइन काढली तर ती आमच्या हॉस्पिटलच्या बाहेरची असू दे आणि रात्री चालू असू दे.

तारयंत्र

तांत्रिक बाजू थोडी माहीत आहे, म्हणून लिहितो. लॉकडाऊनमध्ये समुपदेशक स्वतःच अडकलेले, एका खोलीत बसून कॉल सेंटर चालवणं शक्य नव्हतं. तेव्हा क्लाउड टेलिफोनी कामी आली. बाहेर एकच नंबर, आत आलेला कॉल समुपदेशकाच्या घरच्या मोबाइलवर. दोघांनाही एकमेकांचा नंबर दिसत नाही. हे चांगलं झालं.

वाईट काय झालं, तर मेन्यू. 'मराठीसाठी अमुक दाबा, चिंतेसाठी तमुक दाबा, कोविडविषयी माहितीसाठी...' घाबरलेल्या माणसाला इतकं ऐकवू नये. भाषा विचारा आणि जोडा.

आता यातून पुढे आलेली कायमची व्यवस्था म्हणजे टेलि-मानस. २०२२च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, त्यात साथीचा उल्लेख होताच. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. नंबर १४४१६, मोफत, २४ तास, मराठीसह २० भाषा. निम्हान्स मध्यवर्ती केंद्र, तंत्रज्ञान बंगळुरूच्या ट्रिपल आयटीचं. रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर राज्यातल्या केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक, आणि गरज वाटली तर दुसऱ्या पायरीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले तज्ज्ञ, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन डॉक्टरी सेवेवरून सल्ला. रानजाई म्हणतात ती 'पुढे जोडून द्यायची सोय' निदान आरोग्याच्या बाजूने तरी आखणीत आहे. रेशनच्या बाजूने नाही.

सायंतारा

हे लिहायला मला वेळ लागला. बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. बेड मिळाला तो चौथ्या हॉस्पिटलमध्ये. पिशवीत बांधलेलं शरीर लांबूनच दाखवलं. दहावं-तेरावं ऑनलाइन, गुरुजी एका चौकटीत, आम्ही भावंडं तीन शहरांत. तेव्हा मी रडले नाही. आई पॉझिटिव्ह होती, तिची औषधं, विम्याचे कागद, बाबांचं पेन्शन, सगळं करत राहिले. लोक म्हणायचे, किती खंबीर आहे.

दिवाळीनंतर मात्र मला उठवेना. आंघोळ करायची ताकद नव्हती. दुसऱ्या लाटेत कुणीतरी दिलेला एक नंबर जपून ठेवला होता, तो लावला. प्रकल्प संपला होता, लाइन बंद. साथ ओसरली म्हणून बंद केली असणार. माझी साथ तेव्हा सुरू झाली होती. पुढे मैत्रिणीने धरून डॉक्टरकडे नेलं आणि आता मी बरी आहे. पण ज्यांना अशी मैत्रीण नव्हती त्यांचं काय झालं असेल, हा विचार जात नाही.

रानजाई

सायंतारा, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला जे झालं ते तेव्हा फार जणांना झालं. निरोप नीट देता आला नाही, घरी माणसं जमली नाहीत, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. असं दुःख तुंबतं आणि सवडीने वर येतं. आमच्याकडेही सर्वांत जड फोन रुग्णसंख्या उतरल्यावरच येऊ लागले. ज्यांनी पैसे दिले होते त्यांना वाटत होतं आता गरज संपली. लाइनची मुदत रुग्णसंख्येवर ठरवू नये. साथ संपल्यावर वर्ष-दोन वर्षं ती चालायलाच हवी, आणि ते पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढलेले हवेत.

लेस्टरची_माई

मी इंग्लंडात राहते. इथे समॅरिटन्स ही आधाराची लाइन आहे, लंडनच्या एका चर्चमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्यांनी १९५३ मध्ये सुरू केलेली. ११६ १२३ हा नंबर मोफत, दिवसरात्र. कोविडमध्येही ती चालू राहिली. आमच्या लेस्टरवर तर जून २०२० अखेर वेगळा लॉकडाऊन लागला, बाकी देश मोकळा होत असताना.

पण माझ्या ओळखीच्या एक आजी, मुलाकडे आलेल्या, मुलगा-सून दोघंही कामावर जाणारी, दिवसभर घरात एकट्या. इंग्रजीत दुकानापुरतं बोलता येतं. 'जिवाची घालमेल होते' हे त्या कुठल्या नंबरवर सांगणार? म्हणून आम्ही काही मराठी बायकांनी ठरवून ज्येष्ठांना स्वतः फोन करायला सुरुवात केली. त्यांनी करायची वाट बघितली नाही. भाजी कुठली केली, गुडघा कसा आहे, इथून सुरुवात. तिसऱ्या-चौथ्या फोनला खरं बोलणं निघायचं.

रानजाई

माई, तुमच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. २००३च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगमधे वृद्धांच्या आत्महत्यांचं प्रमाण वाढलं होतं. एकटेपण, आजाराची धास्ती आणि 'मुलांवर ओझं नको' ही भावना त्यामागे असल्याचं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं. वृद्ध माणूस सहसा स्वतःहून फोन करत नाही. आपणच करावा लागतो.

घरातूनच

इतकी वर्षं फक्त वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय. जवळचं कुणी "आता जगण्यात अर्थ नाही" असं म्हणालं तर काय बोलायचं? आपण विचारलं तर उलट त्यांच्या डोक्यात तो विचार घालू का? आणि पोलीस केस होते का?

रानजाई

चांगलं केलंत, विचारलंत. सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं बोलायची वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर घाबरून उपदेश सुरू करू नका. "असं काय बोलतोस, आईचा तरी विचार कर" हे तर अजिबात नको, त्याने अपराधीपणा वाढतो. "कधीपासून वाटतंय? आत्ता, या क्षणी किती तीव्र आहे? काही ठरवलंयस का?" असं विचारत राहा आणि मधली शांतता सहन करा. फोनवर आम्हाला सर्वांत आधी हेच शिकवलं होतं, समोरचा गप्प झाला की आपण बोलून ती जागा भरायची नाही. "मी आहे इथे, सावकाश" एवढं पुरतं. काही ठरवलेलं असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू दूर करा, दवाखान्यात न्या. तातडीला ११२, नाहीतर १४४१६ तिच्याबरोबर बसून लावा. फक्त तिच्यासाठीच नाही, तुम्हाला काय करावं कळत नसेल तर तुमच्यासाठीही लावा, काळजी घेणाऱ्यांचेही फोन घेतात.

केसचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिच्यावर त्यासाठी खटला, शिक्षा करायची नाही. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. ही गोष्ट घरोघर माहीत व्हायला हवी, कारण या भीतीपोटी लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

घरातूनच

धन्यवाद ताई. आज संध्याकाळी भावाकडे जाते.

मांजराकाठ

जा ताई. अन् जमलं तर नंतर इथं दोन ओळी टाका.

वहिनींना धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, फोन घेणाऱ्या पोरींचं मन कोण बघतं ते विचारा.

रानजाई

वहिनींना सांगा, आमच्याकडे दर आठवड्याला एक ज्येष्ठ समुपदेशक आम्हा सगळ्यांना ऑनलाइन बसवायच्या. कुठला फोन मनात रुतलाय ते बोलायचो. जड फोननंतर लगेच दुसरा घ्यायचा नाही असा नियम होता. सगळ्या ठिकाणी हे नव्हतं. काही ओळखीच्या मुली एकट्याच घरी बसून फोन घेत होत्या, बिनपगारी, आणि दुसऱ्या लाटेत त्यांच्याच घरात माणसं गेली. त्यांतल्या काहींनी हे क्षेत्रच सोडलं.

पाऊलखुणा

इतकी चर्चा झाली, पण सगळी आवाजावर उभी आहे. माझा मावसभाऊ जन्मतः कर्णबधिर. मास्कमुळे लोकांचे ओठ दिसेनात, तेव्हा तो बाहेरच्या जगापासून पार तुटला. त्याला फोनची लाइन काय कामाची? चॅट आणि ईमेल काही संस्था देतात, आयकॉल देते, पण त्याचं लेखी मराठी आणि इंग्रजी दोन्ही जेमतेम. त्याची भाषा हातांची आहे. सांकेतिक भाषा येणारे समुपदेशक व्हिडिओवर मिळतील अशी सोय महाराष्ट्रात कुठे चालू असेल तर कृपया इथे लिहा, किंवा अशी सोय उभी करायला कुणाशी बोलावं ते सांगा. मी पाठपुरावा करायला तयार आहे.

वडाखाली

आमच्या संघटनेत दोन कर्णबधिर कामगार आहेत, त्यांच्या शाळेतले शिक्षक ओळखीचे आहेत. उद्या त्यांना विचारून इथेच लिहितो.